स्पायरला शिखर म्हणावं, कळस म्हणावं की आणखी काही?

विचारणा

इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड गावच्या चर्चवरचा एक लेख मराठीत आणते आहे. सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे त्याचं नाव, डर्बीशरमधलं सर्वांत मोठं चर्च. त्याचा स्पायर, म्हणजे मनोऱ्याच्या डोक्यावरचा निमुळता भाग, वाकडा आहे आणि सगळा लेख त्या स्पायरभोवतीच फिरतो. आधी ‘शिखर’ लिहिलं, मग ‘कळस’ केलं, मग ‘मनोरा’. तिन्ही वेळा खटकलं. ‘नेव्ह’ आणि ‘चॅन्सल’ या शब्दांपाशीही गाडी अडली आहे. कुणी मदत कराल का?

उत्तर

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. ‘कळस’ पहिल्यांदा बाद करा. कळस म्हणजे शिखराच्या अगदी टोकावर बसवलेला घट. बोलण्यात आपण सगळ्या शिखरालाच कळस म्हणून जातो, पण वास्तूबद्दल लिहिताना ती सूट घेऊ नये.

‘शिखर’ जवळचा वाटतो आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. देवळाचं शिखर गाभाऱ्यावर उभं असतं. शिखर दिसलं की खाली देव आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, दुरूनच हात जोडले जातात. चेस्टरफील्डचं चर्च क्रुसाच्या आकाराचं आहे आणि जिथे दोन्ही बाहू एकमेकांना छेदतात, त्या चौकावर मनोरा उभा आहे. त्या मनोऱ्यात घंटा आहेत. वेदी त्याच्याही पुढे, पूर्वेच्या टोकाला. ‘शिखर’ लिहिलंत तर वाचक मनातल्या मनात वेदी चुकीच्या जागी नेऊन ठेवेल.

‘मनोरा’ शब्द चांगला आहे, पण तो खालच्या चौकोनी दगडी बांधकामाला लागतो. इंग्रजीत त्याला ‘टॉवर’ म्हणतात. टॉवरच्या डोक्यावरचा निमुळता भाग तो स्पायर, आणि दोन्ही मिळून स्टीपल. चेस्टरफील्डचा मनोरा दगडाचा, वरचा अष्टकोनी स्पायर लाकडाचा आणि त्यावर शिशाचे पत्रे. दोन वस्तू, दोन साहित्यं. त्यांना एकच शब्द देऊन चालणार नाही, कारण पुढची सगळी कथा त्या लाकडाची आणि शिशाची आहे.

माझी सूचना ‘सुळका’. सुळका निसर्गातला, माणसाने बांधलेला नव्हे, असा आक्षेप येईल. येऊ द्या. लिंगाणा पाहिलेल्या माणसाला सुळका म्हटल्यावर जो आकार दिसतो, रुंद बुडातून वर निमुळता होत आभाळात घुसणारा, तोच इथे हवा आहे. पहिल्या उल्लेखात ‘मनोऱ्यावरचा लाकडी सुळका, म्हणजे स्पायर’ असं लिहा, पुढे नुसतं सुळका. मुंबईकर वाचकासाठी कुलाब्याच्या अफगाण चर्चची आठवण द्यायलाही हरकत नाही. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं ते चर्चही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतलं आणि त्याच्या दगडी सुळक्याचं टोक जमिनीपासून 198 फुटांवर. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो खुणेसारखा उपयोगी पडे.

विचारणा

सुळका पटला. मग ‘वाकडा सुळका’ लिहू का?

उत्तर

थोडं थांबा, खरी गंमत इथेच आहे. ‘वाकडा’ म्हणजे एका बाजूला वळलेला. हा सुळका 228 फूट उंचीवर असलेलं आपलं टोक मूळ मध्यापासून 9 फूट 6 इंच सरकवून उभा आहे. याला ‘कललेला’ म्हणावं. पण तो नुसता कललेला नाही, स्वतःभोवती सुमारे 45 अंश फिरलाही आहे. ओलं धुणं पिळताना हातात जसं दिसतं तसं. यासाठी आपल्याकडे ‘पीळ’ हा नेमका शब्द आहे, तो वापरा. शिशाचे पत्रे माशाच्या काट्यासारखे तिरपे जोडलेले आहेत. खालून वर बघत गेलं की ते काटेच नजरेला फिरवत नेतात आणि पीळ आहे त्याहून जास्त वाटतो.

पीळ का पडला, हे लिहिताना एका कारणावर समाधान मानू नका. सुळका चढला 1362 च्या सुमारास. त्याआधी 1348-49 मध्ये प्लेगने इंग्लंड उजाड केलं होतं. जाणते सुतार उरले नसावेत असा तर्क करतात. ओलं, न मुरलेलं ओक वापरलं हे कारण नेहमी सांगितलं जातं, पण त्या काळी ओक ओलंच कापून जोडण्याची पद्धत सर्रास होती, आणि तशी कितीतरी छपरं आजही सरळ आहेत. मला वजनदार वाटतात ती पुढची दोन कारणं: आतल्या सांगाड्याला तिरके आधार पुरेसे दिलेले नाहीत, आणि अशा सांगाड्यावर सुमारे 33 टन शिसं चढलं. त्यात दक्षिणेकडचं शिसं उन्हाने जास्त तापतं, जास्त प्रसरण पावतं. 1961 च्या डिसेंबरात चर्चला आग लागली, ऑर्गन भस्म झाला, सुळका मात्र वाचला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मला तेव्हापासून त्या सुळक्याशिवाय आठवत नाही.

आता नेव्ह. मूळ लॅटिन ‘नाविस’, म्हणजे जहाज. संस्कृत ‘नौ’, आपली ‘नाव’, हे त्याच घराण्यातले. जर्मन लोक आजही चर्चच्या या भागाला जहाजच म्हणतात. भाषांतरात ‘नाव’ लिहून चालणार नाही, ‘सभामंडप’ लिहा, लोक जिथे जमतात ती जागा. पण एका वाक्यात हे नातं जरूर सांगा, मराठी वाचकाला ते आपलं वाटेल. दोन्ही बाजूंच्या ‘आइल’चं मूळ ‘आला’, म्हणजे पंख. आकाराने ती आपली पडवीच: मुख्य छपराच्या बाजूला, कमी उंचीची.

चॅन्सलला ‘गाभारा’ म्हणू नका. लॅटिन ‘कान्सेल्ली’ म्हणजे जाळी. लोक आणि पुरोहितवर्ग यांच्यामध्ये जाळीदार पडदा असे, त्याच्या पलीकडचा भाग चॅन्सल. लिहिलेल्यावर आडव्यातिडव्या रेघा मारून जाळी करायची, यातूनच ‘कॅन्सल’ आला. मध्ययुगात सभामंडपाची डागडुजी गावकऱ्यांकडे आणि चॅन्सलची रेक्टरकडे, म्हणजे त्या चर्चच्या उत्पन्नाच्या मुख्य हक्कदाराकडे, अशी खर्चाची वाटणीही या जाळीवरूनच होई. ‘जाळीपलीकडचा वेदीभाग’ असं सुरुवातीला लिहून पुढे चॅन्सल ठेवा.

आणखी एक उत्तर, वसईहून

‘पॅरिश’, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, यासाठी आमच्याकडे ‘धर्मग्राम’ रुळलेला आहे, तो निःसंकोच घ्या. ‘व्हिकार’ला सरसकट पाद्री करू नका. व्हिकारचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा, मराठेशाहीतला मुतालिक. त्या काळी चेस्टरफील्डचा रेक्टर म्हणजे लिंकन कॅथेड्रलचा डीन, तिथला प्रमुख पुरोहित. दशमांशातला, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शातला, मोठा वाटा त्याचा, आणि गावातली उपासना, लग्नं, दफनं व्हिकार सांभाळे.

आणि ‘मध्ययुगीन अँग्लिकन चर्च’ हा शब्दप्रयोग लेखात आला असेल तर फोडून लिहा. 1362 साली तो सुळका उभारणारे लोक रोमच्या पोपला मानणारे होते. आठव्या हेन्रीने इंग्लंडचं चर्च रोमपासून तोडलं ते 1534 मध्ये. वास्तू मध्ययुगीन, अँग्लिकनपण नंतरचं. आम्हा कॅथलिकांना हा फरक पहिल्याच ओळीत टोचतो.

विचारणा

सगळ्यांचे आभार. सुरुवात अशी केली आहे: ‘चेस्टरफील्डच्या धर्मग्रामाचं हे चर्च मध्ययुगात बांधलं गेलं आणि सोळाव्या शतकात अँग्लिकन झालं. त्याच्या दगडी मनोऱ्यावर शिशाने मढवलेला लाकडी सुळका, म्हणजे स्पायर, आहे. तो कललाही आहे आणि त्याला पीळही पडला आहे.’

उत्तर

छान. फक्त ‘पडला आहे’ऐवजी ‘पडत गेला आहे’ करा. तो एका दिवसात पडलेला नाही.