डोंगलवालाच घ्या
गेम खेळायला दोन हजारांत नुसता ब्लूटूथवाला हेडसेट चालेल का, असं एकाने विचारलंय. गाणी ऐकायला चालेल, खेळायला नाही. आवाज उशिरा येतो हे एक. खरी गंमत माइक चालू केल्यावर: साधा ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातो, आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि गेममधली पावलं डावीकडून वाजतायत की उजवीकडून, पत्ताच लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा वायरलेस रिसीव्हर, असलेलाच बघा.

माझा तसलाच, स्वस्तातला. दोन दिवस नुसता खरखरत होता, परत पाठवणारच होतो. मग डोंगल यूएसबी ३.० च्या पोर्टमधून काढून हातभर वायरीने टेबलावर आणला, खरखर गायब. ते पोर्ट त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं. कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन मात्र सहा महिन्यांत सोललं, कानामागे काळे कपटे चिकटतात.