लिटिल मोर्टन हॉलचा काळा रंग उतरवावा का?

पिवडी: रविवारी आईबाबांना चेशायरचं लिटिल मोर्टन हॉल दाखवून आणलं. खंदकाच्या मधोमध, लाकडी सांगाड्याचं, एक भिंत सरळ असेल तर शपथ. बाबा सारखे विचारत होते, हे पडत कसं नाही? मला मात्र राग येतो तो त्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, जे बघून सगळे "वा, काय ट्यूडर आहे" म्हणतात. ट्यूडर कसलं डोंबलाचं! ट्यूडर राजांच्या काळात, म्हणजे १६व्या शतकात, ओकचं लाकूड उघडंच ठेवायचे, ऊनपावसाने ते चंदेरी करडं व्हायचं आणि मधल्या भिंतींना आपल्या पिवडीसारखा रंग असायचा. डांबरी काळा आणि चुन्याचा पांढरा ही १९व्या शतकातल्या व्हिक्टोरियन लोकांची हौस. सफोकमधलं लॅव्हेनम बघा, करडा ओक किती छान दिसतो. माझं मत, काळा उतरवा.

तिरका वासा: आणि मग थांबायचं कुठे? घर १५०४ च्या आसपास सुरू झालं आणि पुढची शंभरेक वर्षं मालक मोर्टन मंडळी त्याला काही ना काही जोडतच राहिली. अंगणातल्या त्या मोठ्या खिडक्या १५५९ च्या, रिचर्ड डेल नावाच्या सुताराने त्यावर चक्क स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. म्हणजे तेही रिनोव्हेशनच की! वरच्या मजल्यावरची लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन, ती तर मागून सुचलेली, ६८ फूट लांब आणि डोक्यावर दगडी फरश्यांचं छप्पर, त्या ओझ्याने खालचे मजले वाकले. मूळचंच हवं असेल तर गॅलरीपण उतरवा, बाबांचा प्रश्नही सुटेल.

पिवडी: हे उगाच हां. गॅलरी त्या घरात राहणाऱ्यांनी वापरायला बांधली. काळा रंग म्हणजे नुसता मेकअप, तोही तीनशे वर्षांनी केलेला.

खुंटी पाचर: मी इकडे जुन्या घरांच्या दुरुस्तीत काम करतो म्हणून थोडं. हा ओक ओलाच कापायचे, खाचा करून लाकडी खुंट्यांनी जोडायचे, मग तो जागेवर वाळताना पिळवटायचा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे आधी वासे फिरले. तर सगळा तिरकेपणा गॅलरीच्या माथी मारू नका. आता रंग. डांबर घासून काढताना लाकडाचा वरचा पापुद्रा जातो आणि त्याबरोबर हत्यारांच्या खुणा, कुठला तुकडा कुठे बसवायचा म्हणून सुतारांनी कोरलेले रोमन आकडे, सगळंच. विल्यम मॉरिस या इंग्लिश कवी-डिझायनरने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली ती याच खरवडण्याच्या विरोधात. आणि रंगाने मरत नाहीत ही घरं, सिमेंटने मरतात. ओलावा आत कोंडतो, ओक आतून कुजतो आणि बाहेरून कळतही नाही.

कोकणकडा: सिमेंटचं अगदी खरं. आजीच्या घरी कुडाची भिंत होती, काठ्या, माती, शेण. तिकडचंही तेच ना? मामाने वरून सिमेंट मारलं, चार पावसाळ्यांत खालचा वासा गेला.

पिवडी: खरवडायचं नाही मान्य. पण "आहे ते हलवू नका" हे तरी कुठे चालतं? तिथल्याच एका खोलीत १९७६ मध्ये लाकडी पॅनेलिंग काढलं तेव्हा मागे ट्यूडर काळातली रंगवलेली भिंत सापडली, बायबलमधल्या सुझानाची गोष्ट. तुमचं ऐकलं असतं तर ती अजून अंधारातच असती.

तिरका वासा: आणि पॅनेलिंग ठोकलंच नसतं तर ती भिंत उरली असती का? कोणीतरी केव्हाच पुसून वर नवीन रंग मारला असता. पुढे घराण्याकडे पैसा राहिला नाही, घर शेतकऱ्यांना भाड्याने दिलं, म्हणून तर कोणी पाडून नवं बांधलं नाही. १९३८ ला नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं तोवर गरिबीनेच सांभाळलं त्याला.

पिवडी: बरं, मधला मार्ग. अंगणातली एकच भिंत घ्या, पुढच्या वेळी तिला काळा देऊच नका. घासू नका, आपोआप उडेल तेवढा उडू दे.

खुंटी पाचर: हे चालेल मला. फक्त डांबर आपोआप जायला आपल्या नातवंडांना थांबावं लागेल.

तिरका वासा: मला नाही चालणार. तीन भिंती काळ्या आणि एक कोड फुटल्यासारखी, लोक विचारतील पैसे संपले का.

पिवडी: मोर्टनांचे संपलेच होते की 😄