क्रूझवर एकटीनं गायन-गिटार: गिटार कोणती न्यावी, ट्रॅक कशावर वाजवावेत?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट मिळालं आहे. लाउंजमध्ये एकटीनं गायचं आणि गिटार वाजवायची. रोज ४५ मिनिटांचे ४ सेट, मध्ये १५-१५ मिनिटांची विश्रांती, आठवड्यातून एक रात्र सुटी. साइन-ऑनला, म्हणजे जहाजावर रुजू व्हायला, ७ आठवडे आहेत. स्पीकर, मिक्सर, माइक जहाजाचे. वाद्य आणि ट्रॅक (गाण्यामागची रेकॉर्ड केलेली तयार साथ) माझे. एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) कोर्स आणि मेडिकल झालं आहे, त्यामुळे कागदपत्रांबद्दल सल्ला नको आहे.

प्रश्न दोनच:
१) स्प्रूस टॉपची पूर्ण आकाराची जुनी स्टील स्ट्रिंग गिटार आहे, तीच नेऊ की कार्बन फायबरची नवी घेऊ?
२) ट्रॅकसाठी लॅपटॉप की टॅबलेट?

विमानाचं सामान गिटार धरून २३ किलो, वर ७ किलोची केबिन बॅग. नवी खरेदी एका महिन्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसायला हवी.

कार्बनवाला
कार्बन फायबर. यात विचार करण्यासारखं काही नाही. क्रू केबिनमधला एसी चोवीस तास चालतो, हवा कोरडी पडते. तीच गिटार उघड्या डेकवर पूलपाशी नेली की दमट खारा वारा. लाकडाचा टॉप एकदा बसतो, एकदा फुगतो. बसला की तारा फ्रेटना घासून खरखरतात, फुगला की ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढून बोटं दुखतात. फ्रेटबोर्ड सुकून आक्रसला की फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन हाताला ओरबाडतात. कार्बनला यातलं काही होत नाही, ओल्या फडक्यानं पुसली की काम झालं. तिसऱ्या हिश्श्याचा हट्ट सोडा, अख्ख्या महिन्याचा पगार घाला आणि पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणारा भाग) बसवलेलीच घ्या.

लाकूडच_हवं
इतकं घाबरवू नका त्यांना. लाकडाची गिटार आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर वर्षानुवर्षं टिकते. घट्ट बंद होणारी हार्ड केस घ्या आणि दोन्ही बाजूंनी काम करणारी, म्हणजे कोरड्या हवेत ओलावा सोडणारी आणि दमट हवेत शोषणारी, ४९ टक्क्यांची पाकिटं ठेवा. दोन साउंडहोलमध्ये तारांवरून लोंबती, एक हेडस्टॉकखाली. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर. सेट संपला की गिटार केसमध्ये आणि केस बंद. नुकसान होतं ते गिटार चार तास स्टँडवर एसीच्या झोताखाली राहते म्हणून.
कार्बनचा आवाज लाउंजमध्ये काचेसारखा टोचतो, हे माझं ठाम मत.

कार्बनवाला
पिकअपमधून जाणारा आवाज ईक्यूवर, म्हणजे मिक्सरवर खर्ज-तीव्र कमीजास्त करण्यावर, ठरतो हो. लाउंजमध्ये लाकडाचा आवाज ऐकायला कोण बसलंय?

कागदपत्रं_आधी
ताई, कागदपत्रं नकोत म्हणालात तरी सांगते. फ्रेटबोर्ड किंवा बॅक रोझवूडची असेल तर साइटीसचा (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागतो. प्रत्येक बंदर म्हणजे नवा देश. कस्टम्सनं धरलं तर गिटार जप्त.

लाकूडच_हवं
ही माहिती जुनी आहे. २०१७ मध्ये सगळ्या रोझवूडवर नियम लागला होता, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. सूट नाही ती ब्राझिलियन रोझवूडला. ते १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. गिटार खूप जुनी असेल तर बॅक कशाची आहे आणि नट-सॅडल हस्तिदंती नाही ना, तेवढं वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून लेखी घ्या.

कागदपत्रं_आधी
धन्यवाद, सूट माहीत नव्हती. पण दुसरा मुद्दा सोडत नाही. एजंटनं काम मिळवून देण्याचे पैसे मागितले आहेत का? क्रू म्हणून साइन-ऑन असेल तर एमएलसी २००६ (खलाशांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणे तुमच्या खिशातून फक्त मेडिकल सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि सीमन बुक यांचा खर्च. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. प्लेसमेंट फी, नोंदणी फी वगैरे नावानं काही मागितलं असेल तर देऊ नका.

मंद्रसप्तक
नाही, मागितलेले नाहीत. गिटारची बॅक महोगनीची आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. ट्रॅकबद्दल कोणी सांगेल का?

ट्रॅकसम्राट
लॅपटॉपच. दोन लॅपटॉप, एक चालू आणि एक तयार. चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस, पायानं ट्रॅक बदलायला मिडी पेडल, कानात इन-इअर (स्वतःचा आवाज ऐकवणारे इअरफोन). शिवाय बॅटरीवर चालणारा छोटा कॉलम स्पीकर स्वतःचा ठेवा, डेकवर अचानक सेट लावतात. साधारण १२ किलोचा येतो. आवाजात जो फरक पडतो तो पडतोच.

मंद्रसप्तक
१२ किलो स्पीकर, साडेसहा किलो केससकट गिटार, दोन लॅपटॉप. मग कपडे?

ट्रॅकसम्राट
जादा सामानाचे पैसे भरा. एकदाच भरायचे असतात.

वरचा_बंक
एकदाच नाही, उतरतानाही भरायचे असतात. आणि केबिनमध्ये ठेवणार कुठे? क्रू केबिन दोघांची असली तर एक उभं कपाट, दोन ड्रॉवर आणि बंकखालची जागा. हार्ड केस कपाटात मावत नाही. ती बंकवर पायांकडे किंवा भिंतीलगत उभी राहते आणि समुद्र खवळला की आडवी होते. दोन सामानाचे पट्टे न्या आणि केस रेलिंगला बांधा. स्टँड साधा A आकाराचा नको, मान पकडून धरणारं कुलूप असलेला हवा. माइकचा गोल बेसचा स्टँड जहाज डोललं की फिरतो. तीन पायांचा मागा आणि एक पाय जहाजाच्या लांबीला आडवा ठेवा, कारण डोलणं मुख्यतः त्या दिशेनं असतं.

फेडर_शून्य
ध्वनीच्या बाजूनं क्रमानं लिहितो, कारण वर सगळे वाद्यावरच भांडत आहेत.

पहिलं, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणू नका. जहाजाची वीजव्यवस्था जमिनीवरच्यासारखी न्यूट्रल अर्थ केलेली नसते. दोन्ही वायरी जिवंत असतात. अशा ठिकाणी सर्ज प्रोटेक्टर तापून पेट घेऊ शकतो, म्हणून तो गँगवेवरच काढून घेतात. साधा, सर्ज नसलेला बोर्डही आधी विचारूनच. इस्त्री, किटलीही काढून घेतात. ॲडॅप्टर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलेच हवेत. केबिनमध्ये बहुधा अमेरिकन ११० व्होल्टचं एक आणि युरोपियन २२० चं एक सॉकेट मिळतं.

दुसरं, गुणगुण. लॅपटॉप चार्जरवर असताना त्याचं हेडफोन आउटपुट मिक्सरला लावलं की घूंऽऽ असा आवाज येतो. ट्रान्सफॉर्मर असलेला, ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) मध्ये घाला. ट्रॅकला एक, गिटारला एक. जहाजाकडे असतील, पण आतलं वायरिंग सुटलेलं असू शकतं, म्हणून एक स्वतःचा.

तिसरं, स्वतःचा वायरलेस माइक आणू नका. जहाजावर शो, क्रूझ डायरेक्टर, बिंगो सगळ्यांच्या फ्रिक्वेन्सी आधीच वाटलेल्या असतात, तुमचा मध्ये घुसला की थिएटरमधल्या गायिकेचा आवाज तुटतो. २.४ गिगाहर्ट्झचा गिटार ट्रान्समीटर प्रवाशांच्या वायफायमध्ये बुडतो. तारेची ६ मीटरची केबल उत्तम.

चौथं, ट्रॅक मोनो करा. लाउंजचे स्पीकर खांबाआड विखुरलेले असतात, स्टिरिओत डावीकडच्या टेबलाला फक्त पियानो ऐकू येतो. सगळे ट्रॅक एकाच लाउडनेसला आणा, –१६ लफ्स (लाउडनेसचं एकक) चालेल, नाहीतर प्रत्येक गाण्याला फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) हलवावा लागेल, आणि तो हलवायला लाउंजमध्ये बहुतेक रात्री कोणी नसतं.

लॅपटॉप की टॅबलेट? टॅबलेट. फाइल त्याच्या आत साठवलेल्या, विमान मोडवर, आणि तीच लायब्ररी फोनमध्येही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये "डाउनलोड" केलेल्या गाण्यांवर भरवसा नको. ती ठरावीक दिवसांनी, काहींत ३० दिवसांनी, ऑनलाइन यायला सांगतात, आणि भर समुद्रात तेव्हाच नेट मिळणार नाही.

सहमत_आहे
+१. सर्ज प्रोटेक्टर आणू नका, काढून घेतात. टॅबलेटच न्या आणि लायब्ररी फोनमध्येही ठेवा.

ट्रॅकसम्राट
टॅबलेटवर एका वेळी चार चॅनल वेगळे पाठवता येत नाहीत.

फेडर_शून्य
येतात, क्लास कम्प्लायंट, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारा, यूएसबी इंटरफेस लावला तर. पण एकट्या गायिकेला चार चॅनल कशाला? मोनो ट्रॅक एक, बस.

वरचा_बंक
गळ्याचं कोणीच बोललं नाही. उलटी थांबवणारा कानामागचा स्कोपोलामाइनचा पॅच आणि मेक्लिझिनच्या गोळ्या, दोन्हींनी तोंड आणि घसा कोरडा पडतो, गोळीनं झोपही येते. गायिकेनं पहिल्यांदा ते सेटच्या दिवशी घेऊ नये, सुटीच्या रात्री घेऊन बघावं. वाफेचं यंत्र हीटिंगचं म्हणून काढून घेतात. बॅटरीवरचा मेश नेब्युलायझर आणि ०.९ टक्के सलाइनच्या छोट्या कुप्या न्या, सेटच्या अर्धा तास आधी ५-७ मिनिटं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनला चालत नाहीत, केबिन बॅगेत घाला.

आणि झोप. सुरक्षेचं ड्रिल बहुधा सकाळी बंदरात असतं, तुमचा सेट मध्यरात्री संपतो. एमएलसीप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ती फार तर दोन तुकड्यांत, एक तुकडा किमान ६ तासांचा. वेळेच्या नोंदीवर सही करण्याआधी आकडे बघा. इतरांनी भरलेले डोळे झाकून सही करायचे नसतात.

यादीवाला
सगळे सामानावर अडलेत, गाण्यांवर कोणीच नाही. ४५ मिनिटांत बोलणं धरून ११ गाणी, चार सेट म्हणजे ४४. आठवड्याची क्रूझ असेल तर तेच २५-३० लोक रोज रात्री तुमच्याच लाउंजमध्ये येऊन बसतात. तिसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचा क्रम ऐकू आला की ते उठतात. किमान १५० गाणी हवीत, त्यातली ४० अशी की फर्माइश आली तर लगेच सुरू होतील. जेवणाआधीचा सेट मंद, रात्री दहानंतरचा चालीचा. प्रत्येक गाण्याची पट्टी लिहून ठेवा आणि चौथ्या सेटमधली अर्धा स्वर खाली उतरवा, कारण गळा थकलेला असतो.

कार्बनवाला
कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) हाताशी ठेवा. तो पट्टी फक्त चढवतो, म्हणून खालच्या पट्टीचे कॉर्ड धरून लावा म्हणजे पट्टीचा प्रश्न सुटेल. आणि तारा! कोटेड तारा. साधी ब्राँझ खाऱ्या हवेत आठवड्यात काळी पडते, कोटेड तीन-चार आठवडे चालते. २६ आठवड्यांचे ८ सेट, शिवाय पहिल्या दोन तारा सुट्या ६-६.

लाकूडच_हवं
निदान तारांबद्दल तरी एकमत. पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी असेल तर विश्रांतीत जॅक उपटून ठेवा. जॅक लावलेला असेपर्यंत प्रीॲम्प चालू राहतो आणि बॅटरी संपते.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. फेडर_शून्य आणि वरचा_बंक, तुमचे प्रतिसाद छापून घेतले आहेत.

ठरवलं ते असं. कार्बन नाही आणि स्प्रूसही नाही. लॅमिनेट लाकडाची, कटअवे नायलॉन गिटार घेतली, पिझो पिकअपची. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ती हवेनं फार हलत नाही, आणि खरेदी तिसऱ्या हिश्श्याच्याही आत बसली. माझी १६० गाणी बहुतेक बोटांनी वाजवायचीच आहेत.
आणि ट्रॅक नेणारच नाही. छोटा लूपर पेडल (वाजवलेला तुकडा तिथेच रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारा), तेवढंच. लोक ज्या वेगानं बसतात, उठतात, त्या वेगानं गाणं लांबवता-आवरता यायला हवं. ट्रॅक साडेतीन मिनिटांनी संपतो म्हणजे संपतो.

ट्रॅकसम्राट
चूक करताय, स्पष्ट सांगतो. रात्री अकराला नाचायला उभे राहिलेले लोक नायलॉनवर नाचत नाहीत. ढोल-बास नसला की बार रिकामा होतो, आणि बारची विक्री उतरली की रिपोर्टमध्ये तुमचं नाव येतं.

यादीवाला
मुद्दा बरोबर आहे, पण त्याला उपाय आहे. लूपरवर गिटारच्या बॉडीवर हाताच्या तळव्यानं किक आणि कडेला बोटांनी स्नेअर (दोन्ही ड्रमचे आवाज), दोन बारचा, म्हणजे दोन आवर्तनांचा, लूप. शेवटच्या सेटची ११ गाणी अशी बसवून पाहा.

कार्बनवाला
लॅमिनेट? इतकं सगळं लिहून लॅमिनेट? असो. नायलॉनच्या पहिल्या तीन तारा गंजत नाहीत, पुढच्या तिघींचं वेष्टन मात्र काळं पडतं. चौथी आधी तुटते. चौथीच्या सुट्या ६ तरी घ्या. नवी तार ताणून स्थिर व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून सुटीच्या आदल्या रात्री सेट संपल्यावर बदला.

फेडर_शून्य
लूपरचा ॲडॅप्टर ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह आहे ना ते बघा, ती पिन उलटी लागली तर पेडल जळू शकतं. नायलॉनमध्ये १०० ते २०० हर्ट्झला फीडबॅक येईल. साउंडहोलला रबरी झाकण बसवा, डीआयवरचं फेज बटण दाबून बघा, मग ईक्यूला हात लावा.
आणि आजच एंटरटेनमेंट विभागाला दोन ओळींची इनपुट लिस्ट पाठवा: चॅनल १ आवाज, चॅनल २ लूपरमधून गिटार, मॉनिटर (तुम्हाला तुमचा आवाज ऐकवणारा स्पीकर) १. नाहीतर तिथे गेल्यावर मंचावर कीबोर्ड आणि आठ चॅनलची तयारी दिसेल आणि पहिला सेट केबल शोधण्यात जाईल.

मंद्रसप्तक
पाठवली. मॉनिटर पायाशी वेज (तिरका ठेवलेला स्पीकर) मागू की इन-इअर?

फेडर_शून्य
वेज. लाउंजमध्ये लोक बोललेले ऐकू यायला हवेत.