घरीच शिकणाऱ्या मुलाच्या हातात गेम द्यावा का?

माडाखालची

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला त्या दिवशी सासूबाईंनी टीव्हीवरची पट्टी वाचली आणि माजघरातून माझ्या मुलाला हाक मारली, "अरे, तुझो गेम बंद झालो रे!" पोराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग मी दोघांनाही शेजारी बसवून समजावलं की बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. रमी, पोकर, पैशांवरचं फँटसी क्रिकेट. ठोकळे रचून वस्तू बांधायचा त्याचा माइनक्राफ्ट त्यात येत नाही. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, तर त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. पण वाहिन्यांनी दिवसभर "गेमिंगवर बंदी" एवढंच फिरवलं, आणि आमच्याकडे ज्यांना माझं वागणं आधीच पटत नव्हतं त्यांना आयतंच निमित्त मिळालं.

आम्ही कुडाळजवळच्या एका वाडीत राहतो. मुलगा तिसरीत असताना त्याला शाळेतून काढलं, आता तो अकरा वर्षांचा आहे. सकाळी गणित आणि मराठी, दुपारी बाबांबरोबर काजूच्या बागेत किंवा वाचन, संध्याकाळी दोन तास गेम. लोक म्हणतात, शाळा नाही आणि वर गेम, म्हणजे पोर वाया गेलं.

काय घडलं ते सांगते. गेममध्ये त्याने कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. त्यात रेडस्टोन नावाची वीज वाहून नेणारी पूड असते आणि उजेड ओळखणारी एक फरशी असते. फरशीवर ऊन पडलं की लोखंडी दार उघडतं, अंधार झाला की मिटतं. आठवडाभर झटून त्याने ते जमवलं आणि मग विचारलं, "आई, आपल्या खऱ्या खुराड्याला असं करता येईल?" आमच्याकडे मुंगूस येतं, त्यामुळे प्रश्न अगदी कामाचा होता. उजेडाचा सेन्सर, छोटी मोटर आणि एक सर्किट मागवलं. पहिल्या दोन दिवशी दार उलटंच चाललं, दिवसा बंद आणि रात्री सताड उघडं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः चूक शोधली.

माझं म्हणणं एवढंच आहे: मूल किती तास खेळलं यापेक्षा ते काय खेळलं आणि शेजारी कोण बसलं होतं, हे विचारा. विरोधी मतंही मनापासून ऐकायची आहेत.

खडूफळा

ताई, खुराड्याचं दार वाचून आनंद झाला. तरीही विरोधात लिहितोय, कारण एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे.

शाळा म्हणजे फक्त गणित-मराठी असतं तर तुम्ही घरी माझ्यापेक्षा बरं शिकवाल, हे मी मान्य करतो. तुम्हाला एक मूल, मला चार इयत्ता मिळून बेचाळीस. पण शाळेत मुलाला न आवडणारं मूल शेजारी बसतं. त्याच्याशी भांडून, रुसून, पुन्हा खिचडीच्या रांगेत त्याच्याच मागे उभं राहावं लागतं. दुसऱ्याच्या घरातली गरिबी डब्यातून कळते. हे सर्किटने शिकवता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. "घरीच शिकवतो" हे वाक्य मी पालकांच्या तोंडून खूपदा ऐकलं. मी घरी जायचो तेव्हा ती मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन पाण्याच्या रांगेत उभी असायची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे, आणि पटावरचं नाव हाच त्या पोरींचा एकमेव पुरावा असतो. तुमच्यासारख्यांनी शाळा सोडणं प्रतिष्ठेचं केलं, तर मी त्या बापाला कोणत्या तोंडाने सांगू की पोरीला शाळेत पाठव?

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, महिन्याला दहा-बारा रात्रपाळ्या. "शेजारी कोण बसलं होतं" हे वाचलं आणि पोटात तुटलं. मी त्या वेळी झोपलेली असते.

माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने एका मारामारीच्या गेममध्ये तेवीस दिवसांत १४,३०० रुपये घातले. एकदम नाही. ८० रुपये, १६० रुपये, कधी ४००. दुकानातून दूध-ब्रेड तोच आणतो म्हणून पिन त्याला माहीत. बँकेचे मेसेज येत होते, पण ड्युटीवरून आलेली बाई मेसेज वाचत बसत नाही. ते पैसे देऊन गेमातले हिरे मिळतात, हिरे देऊन पेटी उघडायची, आणि पेटीत काय निघेल ते नशिबावर. त्याला काय मिळालं? बंदुकीला नवा रंग. मी विचारलं तेव्हा तो रडत म्हणाला, "पुढच्या पेटीत नक्की निघणार होतं गं."

हे जुगाराचंच बोलणं आहे. माझे मामा मटका खेळायचे, ते अगदी असंच म्हणायचे. पण रंगीत बंदूक विकून रोख पैसे मिळत नाहीत, आणि नव्या कायद्याचा सगळा भर पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. म्हणून माझं मत तुमच्या उलट आहे. सगळा भार आईच्या शेजारी बसण्यावर टाकू नका. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, तेव्हा दंड कंपन्यांना ठेवला, पालकांना नाही. मला तेच हवं आहे, गेमच्या बाबतीतही.

पिक्सेलवाला

पुण्यात गेम बनवतो, नऊ वर्षं झाली. रात्रपाळी ताई, तुमचं बरोबर आहे आणि हे मी धंद्याच्या आतून सांगतोय.

गेमचे दोन स्वभाव असतात. एकात मूल काहीतरी बांधतं, कोडं सोडवतं, आणि "आज एवढं पुरे" म्हणून उठू शकतं, कारण उद्या ते जिथल्या तिथे असतं. दुसऱ्यात न येण्याची शिक्षा असते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. पोशाख फक्त रविवारपर्यंत. पेटी उघडताना आधी ती थरथरते, मग उजेड, मग रंग, आणि हे सगळं दोन-तीन सेकंद लांबवलेलं असतं. ते सेकंद कोणीतरी मोजून ठेवलेले असतात. सुरुवातीच्या काळात एका गेमसाठी असली पेटी मीही आखली आहे, आणि त्या कामाचा मला अभिमान नाही.

म्हणून पालकांना सांगतो, गेम देण्याआधी स्वतः तीन दिवस खेळा. चौथ्या दिवशी उघडला नाही तर तो तुमच्याशी कसा वागतो ते पाहा. सूचनांवर सूचना यायला लागल्या, काहीतरी हातचं गेल्याची हुरहूर लावली, तर तो मुलाला देऊ नका.

पण "गेम म्हणजे व्यसन" हे सरसकट चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातली व्याख्या बघा: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं सुटत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालतं. सुट्टीत पोर चार तास खेळलं म्हणजे आजार नव्हे.

स्टुटगार्टकर

जर्मनीत हा वादच होत नाही. इथे मुलाला शाळेत घालणं बंधनकारक आहे, घरी शिकवायची मुभा जवळपास नाहीच. काही पालक युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले होते, २००६ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. आल्यावर मला हे जाचक वाटलं.

मग मुलाचा पहिलीचा पहिला दिवस आला. इथे प्रत्येक मुलाला त्या दिवशी भलामोठा पुठ्ठ्याचा शंकू देतात, शुलट्यूटे म्हणतात, आत खाऊ आणि पेन्सिली. सिरियाहून आलेलं एक मूल शंकूशिवाय आलं होतं. बाईंनी कपाटातून एक भरलेला शंकू काढून त्याच्या हातात दिला, कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. तो आज माझ्या मुलाचा जिवलग आहे. आम्ही घरी शिकवलं असतं तर आमच्या घरात तो कुठून आला असता? खडूफळा सरांशी पूर्ण सहमत.

वाकडी वाट

सहमत नाही. त्या बाईंसारख्या बाई सगळ्यांच्या नशिबी नसतात. माझ्या मुलीला अक्षरं उलटी दिसायची. शाळेत दोन वर्षं तिला "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवलं. डिस्लेक्सिया असल्याचं आम्हाला बाहेर कळलं. घरी आणल्यावर तिचं अंथरूण ओलं होणं थांबलं. समाज कळायला शाळा हवी, हे खरं. पण तिला तिथे जो समाज कळत होता तो तिला रोज सांगत होता की तू कामाची नाहीस.

प्रमाणपत्राची काळजी करणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा पूर्ण झाल्यावर दहावी देता येते, पाच विषय, आणि एकाच वेळी सगळे द्यावे लागत नाहीत. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मोठी उदाहरणंही आहेत. २०२४ मध्ये अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झालेला गुकेश चौथीनंतर नियमित शाळेत गेला नाही.

रात्रपाळी

गुकेशचं उदाहरण देताना पुढचंही सांगा. त्याचे वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांनी प्रॅक्टिस थांबवून मुलाबरोबर देशोदेशी फिरणं पत्करलं, आणि घर आईच्या नोकरीवर चाललं. त्यांच्या त्यागाला माझा नमस्कार आहे. पण माझ्या घरात एकच पगार आहे. तो थांबला की चूल थांबते. घरच्या शाळेवर बोलताना कुणाचा तरी पूर्ण दिवस त्यात जातो, आणि बहुतेक वेळा तो बाईचा जातो, हे कुणी बोलतच नाही.

इचलकरंजीचा भाऊ

सगळे आईबाबाच बोलायला लागलेत, मी खेळणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला तेव्हा मी नववीत होतो. लॉकडाऊन, शाळा बंद, गल्लीत फिरलं की पोलीस. आम्ही चौघं मित्र रोज रात्री नऊला गेममध्ये भेटायचो. अर्धा वेळ खेळायचोच नाही, नुसते एका छपरावर बसून बोलायचो. एकाचे वडील कोविडने गेले ते त्याने एका मंगळवारी आम्हाला तिथेच सांगितलं, बंदूक खाली ठेवून. फोन करून त्याला ते जमलं नसतं.

बंदीनंतर दहा महिन्यांत तोच खेळ नाव बदलून आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या काळात पोरं आडवाटेने खेळतच होती. बंदी घालणाऱ्यांनी एकदा विचारायला हवं होतं की पोरं तिथे काय करतात. चीनने २०२१ मध्ये मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास दिला. तो नियम इथे असता तर त्या मंगळवारी आमचा मित्र एकटा असता.

पैशांच्या खेळांवरची बंदी मात्र मला मान्य आहे. आमच्या भागात यंत्रमागावर काम करणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत रमी खेळून पगार घालवताना मी पाहिली आहेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मला योग्य वाटतं.

माडाखालची

सगळं दोनदा वाचलं.

रात्रपाळी ताई, तुमच्यापुढे माझं वाक्य अपुरं पडलं. शेजारी बसायला मला वेळ आहे कारण बाग आमची आहे आणि सासूबाई स्वयंपाक सांभाळतात. ज्या बाईला तो वेळ नाही तिच्या मुलापुढे ती थरथरणारी पेटी ठेवणं हा गुन्हाच ठरायला हवा, यात मी तुमच्या बाजूने आहे. एक करता येईल. मुलाच्या हातात द्यायच्या फोनवर यूपीआय ठेवूच नका. दुधाचे पैसे रोख द्या.

खडूफळा सर, पाण्याच्या रांगेतली ती मुलगी डोक्यातून जात नाही. घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा कुणीतरी घरी येऊन चौकशी करावी, असा नियम झाला तर माझं दार उघडं आहे. पण वाकडी वाट यांच्या मुलीसारखं मूल मागच्या बाकावर कुढत असेल तर त्याला तिथेच ठेवा, हे मला पटणार नाही. माझा मुलगाही शाळेत तोतरं बोलायचा आणि मुलं नक्कल करायची. हे मी वर लिहिलं नव्हतं.

तरी एक गोष्ट खरी. त्याला आज भांडायला कुणी नाही. गेममध्ये तो एकटाच बांधतो.

खडूफळा

तोतरेपणाचं आधी माहीत असतं तर मी शब्द जरा सांभाळून वापरले असते. मत बदललेलं नाही, शाळा हवीच. पण मुलाचं ऐकून राहवत नाही म्हणून लिहितो.

मी कुडाळचाच. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या शाळेच्या मैदानावर खो-खो घेतो. दहा ते तेरा वयाची मुलं-मुली एकत्र. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे, पण नऊ जणांचे दोन संघ रोज भरतातच असं नाही. तिथे "खो" एवढंच बोलावं लागतं. भांडायला मुबलक मुलं मिळतील, त्यातली दोन फारच आगाऊ आहेत.

गेम बंद करा असं म्हणत नाही. पाच ते साडेसहा सोडून काय ते ठेवा.

माडाखालची

आत्ताच त्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, पाटीवर बसलेल्याला खो मिळेपर्यंत हलायचं नाही ना? मी हो म्हटलं. शनिवारी घेऊन येते.