चौकट हलवली, तर आवृत्तीला नवा आकडा द्या

वीसपैलू
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं साकारायच्या खेळाचं नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, २०२४ साली नव्याने आलं. प्रकाशकाने त्याला सहावी आवृत्ती म्हटलं नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचीच जुनी साहसं (तयार कथानकं) आणि पुरवणी पुस्तकं यासोबत चालतील, असं सांगितलं. चालतात, पण ठेचकाळत. म्हणून मला वाटतं, आकडा बदलायलाच हवा होता.

क्लेरिक हा पुजाऱ्याचा क्लास (पात्राचा पेशा) घ्या. २०१४च्या नियमांत त्याचा सबक्लास (क्लासची उपशाखा) पहिल्या लेव्हललाच ठरायचा आणि त्याच्या क्षमता १, २, ६, ८ आणि १७ या लेव्हलना मिळायच्या. आता सगळ्याच क्लासचे सबक्लास तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतात. जुना डोमेन (क्लेरिकचा सबक्लास) आणला की पहिल्या दोन लेव्हलचं सगळं तिसरीपर्यंत रोखायचं. आठव्या लेव्हलच्या जादा डॅमेजसारखी सोय तर आता मूळ क्लासमध्ये सातव्यालाच आहे. दोन्ही धरली की दुप्पट होते. बोनसचंही तेच. जुन्या नियमांतला एल्फ हा वंश डेक्स्टेरिटीला (चपळाईला) +२ देतो, नवी बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) वेगळे +२ आणि +१ देते. याचे खुलासे पुस्तकात आहेत, पण छोट्या चौकटींत. नवा डीएम (खेळ चालवणारा) त्या वाचेपर्यंत कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदींचा कागद) भरून झालेली असते.

जुनीवही
आकड्याने काय साधतं? २००० साली तिसरी आवृत्ती आली, २००३ साली साडेतीन. अर्धा आकडा इमानदारीत छापला होता. तरी हेस्ट हा वेग वाढवणारा स्पेल (मंत्र) पार बदलला: आधी तो जादा कृती द्यायचा, त्यामुळे विझर्ड (जादूगार) एका फेरीत दोन स्पेल टाकायचा, नंतर उरला एक जादा वार. डॅमेज रिडक्शन (ठरावीक शस्त्र नसेल तर राक्षसाला कमी इजा) +३ शस्त्रावरून चांदी, कोल्ड आयर्न अशा धातूंवर गेलं, म्हणजे अशा प्रत्येक राक्षसाची आकडेवारी नव्याने मांडायची. तीन वर्षांपूर्वी घेतलेला संच अडगळीत गेला तो गेलाच.

याउलट कॉल ऑफ कथुलू हा याच धाटणीचा दुसरा खेळ बघा. २०१४च्या सातव्या आवृत्तीत पात्राचे ३ ते १८मधले गुण टक्क्यांवर नेले. कसे? पाचने गुणून. डेक्स्टेरिटी १३ असेल तर ६५. कौशल्यं आधीपासून टक्क्यांतच होती. १९८०च्या दशकातलं साहस घ्या, पाचाचा पाढा येत असला की खेळता खेळता बदलता येतं. प्रकाशकाने आधी ही किल्ली तयार करावी, मग नियमाला हात लावावा.

वीसपैलू
तुमच्याच उदाहरणावर 'सातवी' असं छापलेलं आहे! किल्ली हवीच, पण कुलूप बदललंय हे आधी कळायला नको का? डिव्हाइन स्माइट ही वाराला जादा डॅमेज जोडणारी क्षमता बघा. पूर्वी पॅलाडिनचा (पवित्र योद्ध्याचा) वार लागला की हवा तेव्हा वापरायचा, एका टर्नमध्ये दोनदासुद्धा. आता तो स्पेल आहे आणि बोनस ॲक्शन (टर्नमधली एकच जादा छोटी कृती) खातो. पोलआर्म मास्टर ही खुबी घेतलेल्याचा जादा वारही बोनस ॲक्शनवरच, म्हणजे दोन्हींतलं एकच. शिवाय स्पेल झाल्यामुळे सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलमध्ये अडतो. नाव तेच आणि आवृत्तीही तीच म्हटल्यावर हे कोण शोधत बसेल?

पानपलटी
दोघांनीही मधला भाग सोडलाय: शुद्धिपत्र. २०१७च्या पुस्तकातला हीलिंग स्पिरिट हा जखमा भरणारा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल. तो मिनिटभर, म्हणजे दहा फेऱ्या टिकायचा आणि त्या जागेतून जाणाऱ्या प्रत्येकाला दर फेरीला १डी६, म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशावर पडतील तितके हिट पॉइंट (जीवाचे गुण) मिळायचे. चौघं ओळीने चालत राहिले की माणशी सरासरी ३५, एकूण १४० हिट पॉइंट. त्याच स्लॉटमध्ये (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीत) तेव्हाचा क्युअर वुंड्स हा स्पेल एकदाच २डी८ अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणावरून मिळणारी भर) द्यायचा. २०२०च्या शुद्धिपत्राने फक्त मर्यादा घातली: १ अधिक मॉडिफायर इतक्याच वेळा, किमान दोनदा. मॉडिफायर +३ असेल तर चार वेळा, सरासरी १४. कोणाची शीट खोडावी लागली नाही, आकडाही लागला नाही.

माझी कसोटी तीच. शीट खोडावी लागत नसेल तर शुद्धिपत्र, लागत असेल तर नवा आकडा. शुद्धिपत्रात जुनं वाक्य, नवं वाक्य, कारण आणि तारीख हे चारही हवं; नुसतं नवं वाक्य दिलं तर जुन्या छपाईवाल्याशी वाद ठरलेला.

जुनीवही
ही कसोटी पाथफाइंडर या आणखी एका खेळाला लावून बघा. २०२३च्या रीमास्टर या सुधारित पुस्तकांमध्ये परवान्याच्या कारणाने अलाइनमेंट (पात्राचा नैतिक कल) काढली, स्पेलच्या शाळा (प्रकार) काढल्या, मॅजिक मिसाइलचं नावही बदललं. शीट खोडावी लागते, तरी आवृत्ती दुसरीच राहिली. आणि फार अडलं नाही, कारण आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर जुना आणि नवा दोन्ही मजकूर शाबूत आहेत.

पानपलटी
मान्य, तिथे माझी कसोटी तोकडी पडते. जुना मजकूर हाताशी ठेवणं मग आकड्याइतकंच महत्त्वाचं. ऑगस्ट २०२४मध्ये डीअँडडी बियाँड या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत साइटने नेमकं उलटं जाहीर केलं होतं: डिजिटल शीटवरचे जुने स्पेल आणि जादुई वस्तू नव्या रूपात बदलल्या जातील. खेळाडू भडकले आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला. चालू मोहिमेतल्या विझर्डचा स्पेल रात्रीतून बदलणं कुठल्याच आकड्याने झाकलं जात नाही.

वीसपैलू
हे पटलं. मग माझी मागणी सुधारतो: मुखपृष्ठावर आकडा, मागच्या पानावर छपाईची तारीख, आणि डिजिटल शीटवर प्रत्येक मोहिमेसाठी डीएमने निवडायचं बटण, २०१४ की २०२४.