बाळंतिणीपर्यंत पोचताना काय अडलं? अनुभव लिहा

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे चार थेंब फिल्टर पेपरवर वाळवले की सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), थायरॉईडची कमतरता असे आजार त्रास सुरू व्हायच्या आत कळू शकतात. विदर्भात सिकलसेलच्या अभ्यासासाठी मी आयांची संमती घ्यायचं काम केलं. शिकलेल्या, शहरातल्या बायका पटकन यादीत आल्या. ज्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार जास्त, तिथल्याच सुटल्या.

केसपेपरवर नंबर नवऱ्याचा, पत्ता सासरचा आणि पहिलटकरीण माहेरी. दुपारी फोन लावला की तो कामावर. "विचारून सांगतो" म्हणायचा. तीन फोन झाले की आम्ही रकान्यात 'नकार' लिहायचो. तिला तर कुणी विचारलंच नव्हतं! हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं. मग 'भेट झाली नाही' असा वेगळा रकाना केला आणि तोच भराभर भरत गेला.

तुम्हाला कोण भेटलं नाही?

आशा कार्यकर्ती, गडचिरोली: ताई, फोन सोडा. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातोच. पहिल्या भेटीत कागद काढायचा नाही. बाळाचं वजन करायचं, अंगावर पितंय का बघायचं, सासूशी बोलायचं. तेही गोंडीत. रक्ताचं नाव काढलं की "पोरीच्या लग्नात अडेल" ही भीती असते, ती मराठी छापील कागदानं जात नाही.

आई, पुणे: मी लगेच सापडले. खासगी रुग्णालय, सिझेरियनचा दुसरा दिवस, सह्यांचे पाच-सहा कागद एकदम. त्यातला एक संशोधनाचा होता हे घरी आल्यावर वाचलं. तुमच्या यादीतल्या माझ्यासारख्यांनाही परत विचारा.

परिचारिका, बीड: आमच्या बाया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, बाळंतपण कोपीवर (तिथल्या झोपडीत) नाहीतर तिकडच्या दवाखान्यात. परत येतात तोवर बाळ चार महिन्यांचं. आता दसऱ्याआधीच गरोदर बायांच्या नावापुढे कारखान्याचं गाव आणि मुकादमाचा नंबर लिहून ठेवते.