मदत हवी आहे: सप्टेंबरमध्ये आईला घेऊन बर्गनला

नमस्कार मंडळी. मुलगा नॉर्वेत ऑस्लोला असतो. सप्टेंबरमध्ये मी आणि आई (वय ७४) त्याच्याकडे जातोय, तेव्हा चार दिवस बर्गनला जायचं ठरतंय. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे पावसाचं नवल नाही. पण तिथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो म्हणे, आणि तोही गार. आपला पाऊस अंगावर घ्यावासा वाटतो, तिथला सोसेल का, ही खरी काळजी आहे. छत्री वाऱ्यात टिकते का, की सरळ रेनकोटच घ्यावा? बूट कसले?

आईला ब्रिगनची लाकडी घरं बघायचीच आहेत. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधलेली, बंदराच्या काठावरची ती रांग. मुलाने फोटो पाठवला होता: दोन घरांमधली अरुंद बोळ, खाली फळ्या आणि दगड, सगळं ओलं चकाकत होतं. तिचे गुडघे दुखतात. तिथे काठी घेऊन चालता येईल का? कुणी गुडघेदुखीवाल्या माणसाला नेलं असेल तर नक्की लिहा.

फ्लोयेन डोंगरावर फ्युनिक्युलरने (तारेने ओढली जाणारी, डोंगर चढणारी रेल्वे) जाऊच, पण ढग असले तर वर काही दिसतं का, की उघडीप बघून आयत्या वेळी तिकीट काढावं? ऑस्लोहून रेल्वेने सहासात तास लागतात. खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

आणि हो, आई मासे खात नाही. मासळीबाजाराच्या आसपास तिला गरम काय मिळेल?